क्लबच्या खात्यात उरलेले पैसे कुणाचे?

जुलै उजाडला की महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांच्या गावी एक समारंभ ठरलेला असतो. मंगल कार्यालयाचा हॉल, व्यासपीठावर फुलांची आरास, आणि मावळत्या अध्यक्षांच्या गळ्यातली कॉलर नव्या अध्यक्षांच्या गळ्यात. रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, म्हणून हा पदग्रहणाचा हंगाम. सचिव वर्षाचा अहवाल वाचतात. किती बाटल्या रक्त गोळा झालं, किती जणांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या, किती मुलींना सायकली दिल्या. टाळ्या पडतात, आणि त्या पडायलाच हव्यात. गावात ही कामं अनेकदा दुसरं कुणी करत नाही.

खजिनदारांचा अहवाल मात्र एका वाक्यात आटोपतो. ‘वर्षअखेर खात्यात अमुक इतकी रक्कम शिल्लक आहे.’ ती शिल्लक कशाची, कुणासाठी, किती दिवस पुरणारी, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. चाळीस-पन्नास सदस्यांच्या सेवाभावी क्लबाचं आयुष्य बरंचसं या न विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असतं.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका लाकडाच्या व्यापाऱ्याने नीट विचारला होता. आर्च क्लम्फ हे त्यांचं नाव, गाव अमेरिकेतलं क्लीव्हलंड. रोटरीची स्थापना १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस यांनी केली. दोनच वर्षांत शिकागोच्या क्लबाने शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून पुढाकार घेतला आणि मित्रमंडळींच्या बैठकांना सेवेचं वळण लागलं. क्लम्फ १९१३ साली क्लीव्हलंड क्लबाचे अध्यक्ष होते. आपल्या क्लबाने थोडा निधी राखून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षांत चांगलं काम करण्याची ऐपत राहील, असा आग्रह त्यांनी तेव्हा धरला. पुढे ते साऱ्या रोटरीचे अध्यक्ष झाले आणि १९१७ साली अटलांटाच्या अधिवेशनात त्यांनी हाच विचार मोठ्या प्रमाणावर मांडला: जगात भलं करण्यासाठी एक कायम निधी उभारावा.

पहिली देणगी आली ती साडेसव्वीस डॉलरची. १९१८ साली कॅन्सस सिटीत अधिवेशन झालं, त्याच्या खर्चातून उरलेले हे पैसे तिथल्या क्लबाने निधीकडे पाठवले. दहा वर्षांनी, १९२८ साली, निधी पाच हजार डॉलरच्या थोडा पुढे गेला होता आणि त्याला ‘रोटरी फाउंडेशन’ असं नाव मिळालं. पहिलं अनुदान द्यायला १९३० साल उजाडलं. अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला पाचशे डॉलर. अमेरिकेत तेव्हा महामंदीने घरं धुऊन काढली होती. त्या काळात हा छोटा निधी कुणी मोडून खाल्ला नाही, याचं मोल पुढे कळलं. पोलिओच्या निर्मूलनासाठी जगभर पैसा ओतणारी हीच संस्था. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं जाहीर झालं.

गावातल्या क्लबाने फाउंडेशन व्हावं, असं कुणी म्हणणार नाही. पण क्लम्फ यांचं मूळ म्हणणं जागतिक संस्थेसाठी नव्हतंच. ते एका शहरातल्या एका क्लबासाठी होतं.

छोट्या क्लबात पैसा येतो मुख्यतः दोन वाटांनी. एक, सदस्यांची वर्गणी. दोन, समाजाकडून गोळा केलेला पैसा: देणग्या, स्मरणिकेतल्या जाहिराती, कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, संगीत रजनी, आणि मराठी गावांची खास रीत म्हणजे गाजलेल्या नाटकाचा प्रयोग विकत घेऊन त्याची तिकिटं खपवणं. या दोन वाटांनी आलेले पैसे एकत्र मिसळू नयेत, हा सेवाभावी क्लबांच्या अर्थकारणाचा पहिला नियम. लायन्समध्ये तो अगदी स्पष्ट आहे. प्रशासकीय खातं वेगळं, लोकांकडून आलेल्या पैशांचं उपक्रम खातं वेगळं. नाटकाचा प्रयोग लावला तर नाट्यगृहाचं भाडं, नाट्यसंस्थेची रक्कम, छपाई हा त्या कार्यक्रमाचा थेट खर्च वजा करता येतो. उरलेला सगळा पैसा लोकांच्या कामालाच गेला पाहिजे. त्यातून सभेचं जेवण, क्लबाचा फलक किंवा परिषदेला जाणाऱ्या पदाधिकाऱ्याचं तिकीट काढता येत नाही. इतकंच काय, त्या पैशांवर बँकेने दिलेलं व्याजही लोकांचंच. रोटरीच्या नमुना पोटनियमांतही क्लबाचा पैसा कामकाज आणि सेवाप्रकल्प अशा दोन भागांत ठेवायला सांगितलं आहे.

कागदावर हे सोपं दिसतं. अडचण येते ती वर्गणी कमी पडते तेव्हा. रोटरीच्या मुख्यालयाला जाणारी दरडोई रक्कम डॉलरमध्ये ठरते, त्यामुळे रुपया घसरला की गावातल्या सदस्याची वर्गणी न वाढताही क्लबाचा खर्च वाढतो. बिल १ जुलै आणि १ जानेवारीच्या सदस्ययादीवरून निघतं. एखादा सदस्य मे महिन्यातच यायचा बंद झाला आणि संकोचापोटी त्याचं नाव काढलं नाही, तर त्याचे पैसे क्लबाच्या खिशातून जातात. अशी चार-पाच नावं यादीत राहिली की खजिनदाराची नजर आपोआप दुसऱ्या खात्याकडे वळते. ‘तात्पुरते घेऊ, पुढच्या तिमाहीत परत भरू’ या वाक्याने सुरुवात होते. वाईट हेतू कुणाचाच नसतो, आणि तरीही देणगीदाराने शाळेच्या नळासाठी दिलेले पैसे हॉलच्या भाड्यात जातात.

आता शिल्लक म्हणजे काय ते आकड्यांनी पाहू. पुढचा क्लब खरा नाही, हिशेब समजावा म्हणून मांडलेला आहे. आकडे मात्र अशा क्लबांच्या ताळेबंदात दिसतात तसेच.

समजा, क्लबाचे ४२ सदस्य आहेत आणि वार्षिक वर्गणी १०,००० रुपये. म्हणजे वर्गणीतून ४,२०,००० रुपये येतात आणि मुख्यालयाची, प्रांताची वर्गणी, सभागृह, टपाल, हिशेब तपासनीस यांत तेवढेच जातात. महिन्याचा खर्च सरासरी ३५,००० रुपये. ३० जूनला दोन्ही खाती मिळून बँकेत ७,८०,००० रुपये आहेत. पदग्रहणाच्या दिवशी हा आकडा ऐकून कुणालाही क्लब सधन वाटेल.

पण यातले १,१०,००० रुपये अनामत आहेत. मराठी गावांतल्या अनेक क्लबांचं आणि मंडळांचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र असतं: चाकाची खुर्ची, वॉकर, वर-खाली होणारी खाट, ऑक्सिजन देणारं यंत्र. घरी आजारी माणूस असलेलं कुटुंब अनामत भरून वस्तू नेतं आणि काम झालं की परत आणून देतं. ती रक्कम त्या कुटुंबाची. क्लबाकडे ती फक्त ठेवलेली आहे. आणखी २,५०,००० रुपये एका देणगीदाराने जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहासाठी दिले आहेत. बांधकाम पावसाळ्यानंतर सुरू होणार. त्या पैशांना दुसरीकडे हात लावता येणार नाही. बारा सदस्यांनी जुलैपासूनच्या सहामाहीची वर्गणी आधीच भरली आहे, ते ६०,००० रुपये पुढच्या वर्षाचे. छापखान्याचं ३५,००० रुपयांचं बिल अजून द्यायचं आहे.

उरले ३,२५,०००. त्यातले दीड लाख कार्यकारिणीने रुग्णवाहिकेचे टायर आणि इंजिनच्या कामासाठी बाजूला काढलेत. हा निर्णय क्लबाचा आहे, देणगीदाराचा नाही, त्यामुळे ठराव करून तो बदलता येतो. हा फरक खजिनदाराला पक्का माहीत हवा. राहिलेल्या १,७५,००० पैकी ७०,००० नाटकाच्या प्रयोगातून आलेले, म्हणजे लोकांचे. क्लबाच्या स्वतःच्या कारभारासाठी खरोखर मोकळे आहेत १,०५,००० रुपये. पावणेआठ लाखांच्या वर शिल्लक दिसणाऱ्या क्लबाची गंगाजळी तीन महिन्यांची आहे.

तीन महिने हा आकडा तसा वाईट नाही. अमेरिकेतल्या ना-नफा संस्थांसाठी जाणकारांनी सुचवलेलं किमान प्रमाण तेवढंच, वर्षाच्या चालू खर्चाचा पाव हिस्सा. तीन ते सहा महिने ही नेहमी सांगितली जाणारी पट्टी. पण एकच पट्टी सर्वांना लागू करणं चूक ठरेल. ज्या क्लबाकडे फक्त वर्गणी आणि सभा आहे, त्याचं तीन महिन्यांवर भागतं. ज्याची रुग्णवाहिका रोज धावते, चालकाला पगार द्यावा लागतो, डायलिसिस केंद्राला दर महिन्याला साहित्य लागतं, त्याने सहा महिन्यांच्या खाली समाधान मानू नये. सभा महिनाभर पुढे ढकलता येते. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येणाऱ्या माणसाला पुढची तारीख देता येत नाही.

गंगाजळी नसली की काय होतं, याचं मोठं उदाहरण लंडनमध्ये घडलं. ‘किड्स कंपनी’ ही गरीब मुलांसाठी काम करणारी नावाजलेली संस्था. वर्षाला दोन कोटी पौंडांहून जास्त पैसा हाताळत असे, सरकारकडून अनुदानं घेत असे; पण आलेला पैसा लगेच खर्च व्हायचा. जुलै २०१५ च्या अखेरीस सरकारने तीस लाख पौंड दिले आणि पुढच्या काही दिवसांतच, ऑगस्टमध्ये, संस्था बंद पडली. मुलांना तिचा दरवाजा एका दिवसात बंद दिसला. छोट्या क्लबाचं असं काही वर्तमानपत्रात येत नाही. तो हळूहळू विझतो: आधी सभा अनियमित होतात, मग मुख्यालयाची वर्गणी थकते, मग सनद जाते, आणि साहित्य केंद्रातल्या खुर्च्या कुणाच्या तरी गोदामात गंजत पडतात.

मग भरपूर साठवावं का? तर तसंही नाही, आणि कायदाही ते करू देत नाही. अनेक क्लब दोन संस्था चालवतात. एक म्हणजे मूळ क्लब, आणि दुसरी त्याची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेली विश्वस्त संस्था, जिच्या पावतीवर देणगीदाराला करसवलत मिळते. सवलत घेणाऱ्या अशा विश्वस्त संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम आपल्या उद्देशासाठी खर्च करावी, असा आयकराचा दंडक आहे. १५ टक्के विनाअट राखता येतात. त्याहून जास्त राखायचे तर विशिष्ट कारण लिहून, विहित अर्जाने, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. ‘कायम निधीसाठी’ असं देणगीदाराने लेखी सांगून दिलेली रक्कम वेगळी धरली जाते, पण तीही कायद्याने ठरवलेल्या ठिकाणीच गुंतवावी लागते.

याचा अर्थ असा की विश्वस्त संस्थेची गंगाजळी सावकाशच वाढते. वर्षाला दहा लाख उत्पन्न असेल तर दीड लाख राखता येतील. सहा महिन्यांच्या खर्चासाठी चार लाख हवे असतील तर पुरती तीन वर्षं शिस्तीने राखावं लागेल, आणि त्या तीन वर्षांत तीन वेगवेगळे अध्यक्ष येऊन गेलेले असतील. अडचणीचं खरं मूळ इथे आहे.

सेवाभावी क्लबाचा अध्यक्ष एका वर्षासाठी असतो. या पद्धतीचे फायदे मोठे आहेत. दरवर्षी नवा उत्साह येतो, क्लब कुणाची जहागीर होत नाही. पण पैशांच्या बाबतीत ती क्लबाला घातक ठरू शकते. ‘माझ्या वर्षात’ मोठा प्रकल्प व्हावा, प्रांताच्या कार्यक्रमात पारितोषिक मिळावं, ही ओढ माणसाला असणारच. मागच्या तीन अध्यक्षांनी राखलेले दोन लाख एका कार्यक्रमात खर्च करायला एक कार्यकारिणी पुरते. आणि राखणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच फलकावर लागत नाही. कॅन्सस सिटीच्या ज्या सदस्यांनी ते साडेसव्वीस डॉलर जेवणावळीत न घालवता पाठवले, त्यांचं कौतुक म्हणूनच जास्त वाटतं.

यावर उपाय साधा आहे आणि तो कागदावरच करता येतो. गंगाजळीचा ठराव सर्वसाधारण सभेत व्हावा, कार्यकारिणीत नको. त्यात चार गोष्टी लिहाव्यात: किती महिन्यांचा खर्च राखायचा, कोणत्या प्रसंगी काढायचा, काढायला किती सदस्यांची संमती लागेल, आणि काढलेली रक्कम किती काळात भरून काढायची. असा ठराव एकदा इतिवृत्तात आला की नव्या अध्यक्षाला मोह झाला तरी त्याला पूर्ण सभेसमोर उभं राहून कारण सांगावं लागतं. बहुतेक वेळा एवढ्यानेच पैसा वाचतो.

पैसा राखला, आता तो ठेवायचा कुठे? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३५ याचं उत्तर देतं: मुख्यतः अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, राज्य सरकारने मान्य केलेली सहकारी बँक, किंवा सरकारी रोखे. या यादीत पतसंस्था नाही. गावात मात्र पतसंस्थेचे संचालक आणि क्लबाचे सदस्य बहुधा एकमेकांचे शेजारी असतात, व्याज एक-दोन टक्के जास्त मिळतं, आणि आग्रह मोडवत नाही. हा आग्रह मोडायलाच हवा. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नसतं, आणि बुडालेल्या ठेवीबद्दल उत्तर विश्वस्तांना द्यावं लागतं.

अनुसूचित बँक म्हणजे निर्धास्त, असंही समजू नये. मुंबईची पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी, अनुसूचित बँकच होती. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची परवानगी दिली. ही मर्यादा पुढे वाढत गेली, पण पैसा अडकला तो अडकलाच. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. त्या योजनेत सामान्य ठेवीदारांना विम्याच्या रकमेनंतरचे पैसे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळायचे ठरलं. संस्थात्मक ठेवीदारांचं काय झालं ते क्लबांच्या खजिनदारांनी नीट वाचावं: विम्याबाहेरच्या रकमेपैकी ८० टक्क्यांचे वर्षाला एक टक्का लाभांश देणारे, मुदत नसलेले प्राधान्य समभाग झाले आणि उरलेल्या २० टक्क्यांचे समभागांचे वॉरंट. गृहनिर्माण संस्था, विश्वस्त संस्था, मंडळं हे सगळे याच रांगेत उभे होते. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. वर्षानुवर्षं ठेवीदार वाट पाहत राहिले.

ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये आहे. ती एका ठेवीदाराला एका बँकेत लागू होते, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. म्हणून ज्या क्लबाची किंवा विश्वस्त संस्थेची एकूण रक्कम पाच लाखांच्या वर आहे, त्याने ती निदान दोन बँकांत विभागावी. याला काही खर्च येत नाही, फक्त सह्यांचे दोन संच करावे लागतात.

व्याजावरच्या कराबद्दलही गैरसमज फार. ‘आपण ना-नफा, आपल्याला कर कसला’ असं सभेत सहज बोललं जातं. सदस्यांनी सदस्यांसाठी जमवलेली वर्गणी हे उत्पन्न नाही, असं तत्त्व कायद्यात आहे खरं. पण १८६८ साली स्थापन झालेल्या बंगळूर क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये या तत्त्वाची हद्द स्पष्ट केली. क्लबाने आपली शिल्लक बँकांत ठेवली होती, आणि त्या बँका क्लबाच्या सदस्यही होत्या. न्यायालय म्हणालं की बँकेने तो पैसा बाहेरच्या लोकांना कर्जाऊ दिला त्या क्षणी सदस्या-सदस्यांमधला व्यवहार संपला. व्याजावर कर लागणार. २०२३ साली सिकंदराबाद क्लबाच्या प्रकरणात हाच निर्णय कायम राहिला. ही दोन्ही उदाहरणं करमणुकीच्या क्लबांची आहेत, पण विश्वस्त संस्था म्हणून नोंद नसलेल्या सेवाभावी क्लबाच्या मुदत ठेवीला हाच तर्क लागतो. व्याजाची रक्कम लहान असते म्हणून तिकडे दुर्लक्ष होतं आणि चार-पाच वर्षांनी आयकराची नोटीस येते, ती तेव्हाच्या नवख्या खजिनदाराच्या नावे.

दोन वर्षांचा घोळही वेगळाच. क्लबाचं वर्ष जून अखेर संपतं, विश्वस्त संस्थेचं आणि आयकराचं मार्च अखेर. एका खजिनदाराच्या काळात दोन आर्थिक वर्षांचे तुकडे येतात आणि एका लेखापरीक्षणात दोन खजिनदारांचे व्यवहार. ज्या क्लबांनी ३१ मार्चलाही तात्पुरता ताळेबंद काढून सभेत वाचायची सवय लावली, त्यांचं जुलैमधलं हस्तांतर एका संध्याकाळी होतं. ज्यांनी लावली नाही, त्यांच्याकडे पावतीपुस्तकं शोधण्यात दिवाळी येते.

रोजच्या व्यवहारातली शिस्त सांगायला फार नाही, पण ती न पाळल्याने चांगली माणसं विनाकारण संशयात येतात. रोटरीचे नमुना पोटनियम सांगतात की बिलाला पैसे देणाऱ्याखेरीज आणखी दोन पदाधिकाऱ्यांची मंजुरी हवी, आणि वर्षातून एकदा जाणकार माणसाने सगळे व्यवहार तपासावेत. करसवलतीच्या देणगीत रोख फक्त २,००० रुपयांपर्यंत चालते. आताची नवी जोखीम मोबाइलवरची आहे. रक्तदान शिबिराच्या टेबलावर खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड चिकटवला जातो, ‘सोयीचं पडतं’ म्हणून. पैसे पुढे क्लबाच्या खात्यात पूर्ण वळते झाले तरी ते आधी एका माणसाच्या उत्पन्नात दिसतात. क्लबाच्या चालू खात्याचा कोड बँकेतून मिळतो. तो मिळेपर्यंत पावती फाडून धनादेश घ्यावा.

आणि गंगाजळी वापरायची वेळ येते तेव्हा ती वापरलीच पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड. अशा वेळी पहिल्या दोन दिवसांत पिण्याचं पाणी, चटया, कोरडे कपडे, सॅनिटरी पॅड आणि औषधं लागतात. देणग्यांचं आवाहन छापून पैसे येईपर्यंत आठवडा जातो. ज्या संस्थेच्या हाताशी पैसा आहे तीच पहिल्या दिवशी टेम्पो भरू शकते. मार्च २०२० नंतर तर संगीत रजनी, नाटक, स्मरणिका, उत्पन्नाची सगळी साधनं एकदम बंद झाली आणि ऑक्सिजनच्या यंत्रांची मागणी मात्र घराघरांतून आली. मागणी वाढते आणि उत्पन्न आटतं, ही दोन्ही संकटं बरोबरच येतात, म्हणूनच राखीव पैसा लागतो.

याच्या उलट, पंचवीस लाखांची मुदत ठेव दरवर्षी नव्याने फिरवत, तिच्या व्याजावर सभा चालवत, गावातल्या शाळेला मात्र ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणणारा क्लब गंगाजळी सांभाळत नाही, तो लोकांचा पैसा अडवून बसला आहे. ज्यांनी पावती घेऊन दोनशे रुपये दिले त्यांनी ते ठेवीसाठी दिले नव्हते. ठरलेल्या महिन्यांच्या खर्चाहून जास्त जमलं तर ते कामाला लावायचं, हेही त्याच ठरावात लिहिलेलं असावं.

वाचकांपैकी कुणी अशा क्लबाचे सदस्य असतील, कुणी देणगीदार. सदस्यांनी येत्या सभेत खजिनदारांना शिल्लक पाच भागांत मांडायला सांगावं: अनामती, देणगीदाराने हेतू ठरवून दिलेले आणि कार्यक्रमांतून लोकांकडून जमवलेले पैसे, येणं-देणं, क्लबाने बाजूला काढलेले पैसे, आणि खरोखर मोकळे. सोबत बँकांची नावं आणि सह्या करणाऱ्यांची नावं वाचायला सांगावीत. देणगीदारांनी पावती घेताना मागच्या वर्षाचा तपासलेला ताळेबंद मागावा. चांगला क्लब तो आनंदाने देतो. आणि ज्यांच्याकडे यंदा खजिनदाराचं पद आलं आहे, त्यांनी मागच्या तीन वर्षांची बँकेची विवरणं आजच मागून घ्यावीत, कारण मावळत्या खजिनदाराची आठवण दिवाळीपर्यंतही टिकत नाही.